फौजीच्या घरची उपकारस्तुती: स्तोत्र, डबा, पेटी आणि कागद

खानदेशात फौजीचं घर म्हणजे दोन घरं. एक इथलं: भुसावळच्या रेल्वे वस्तीतलं, धुळ्याच्या देवपुरातलं, नाहीतर नवापूर-विसरवाडीकडच्या एखाद्या पाड्यावरचं. दुसरं दर दोन-तीन वर्षांनी बदलणारं क्वार्टर, आणि घरधनी फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगला, गेले की तेही नाही. त्यात घर ख्रिस्ती असलं की मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांचा, प्रश्न येतो. आपली मंडळी इथेच राहते. पोस्टिंगच्या गावी चर्च असलं तर आराधना इंग्रजीत, मल्याळममध्ये नाहीतर मिझोत; नसलं तर सर्वधर्म स्थळाचा एक कोपरा.

अशा घरात उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, सवडीवर टाकली की ती राहूनच जाते. नळाचं पाणी, मुलांची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, बँकेची केवायसी यातच दिवस सरतो. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं वचन (५:१८) आपल्याकडे कॅलेंडरवर असतंच. ते घरकामात बसवायचं कसं, तेवढंच इथे लिहितो आहोत. आमचं सांगणं थोडक्यात असं: रजेच्या तारखेवर काहीही टांगून ठेवू नका. रजा मंजूर होते, रद्द होते, पुढे ढकलली जाते. सण, अर्पण, बाळाचं नाव, लग्न, सगळ्याचा क्रम ठरवा. आधी काय, मग काय. तारीख पडेल तेव्हा पडेल.

एका बाबतीत मात्र तारीखच उपयोगी पडते.

आज कितवी तारीख?

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आणि महिन्याचे दिवस ३०. आजची तारीख घ्यायची आणि तीस-तीस मिळवत जायचं. ९ तारीख असेल तर ९, ३९, ६९, ९९ आणि १२९. घरधनी वर चौकीवर असोत, फोन बंद असो, रेंज नसो. त्यांनाही आणि तुम्हालाही आजची पानं ठाऊक असतात. निरोपाची गरजच नाही. पाचही वाचायला वेळ नसेल तर पाचांतलं शेवटचं दोघांनी नक्की वाचावं, बाकीची जमतील तशी. १२१ ते १५० यांतली बहुतेक स्तोत्रं लहान आहेत आणि बरीचशी स्तुतीची, म्हणून लहान मुलांच्या घरात हेच बरं.

या हिशेबात काही दिवस फार चांगले जुळून आले आहेत. महिन्याच्या १ तारखेला ९१ आणि १२१ एकत्र येतात. फौजीच्या घरात हीच दोन सर्वांत जास्त म्हटली जातात. १३ तारखेला १०३ येतं, 'त्याचे सर्व उपकार विसरू नको' वालं. १६ तारखेला ४६ आणि १३६. यातलं १३६ मुलांसाठी राखून ठेवा: २६ ओव्या, आणि प्रत्येक ओवीचा शेवट 'त्याची दया सनातन आहे'. मोठ्यांनी पहिला अर्धा वाचायचा, मुलांनी दुसरा म्हणायचा. वाचता न येणारं पोरही तिसऱ्या ओवीपासून सामील होतं. २८ तारखेला ८८ येतं आणि ते अंधारातच संपतं. त्यात आभाराची एक ओळ नाही. ते गाळू नका. घाबरलेल्या माणसाला जबरदस्तीनं आभार मानायला लावू नये, हे त्या स्तोत्रामुळेच घरात कळतं. आणि त्याच दिवशी पुढे ११८ आणि १४८ आहेतच. २९ तारखेच्या ११९ ला १७६ ओव्या आहेत. एका बैठकीत घेतलं तर मुलं आडवी होतात. त्याचे आठ-आठ ओव्यांचे २२ भाग केलेलेच आहेत. दर महिन्याला एकेक घ्या. फेब्रुवारीत शेवटचे दोन गट राहतात (लीप वर्षात एक), राहू द्या. ३१ तारखेला स्तोत्र नाही. त्या दिवशी वही वाचायची.

वही म्हणजे शंभर पानी साधी वही. रोज एक ओळ. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचीच वही बिघडते: रोज 'आजचा दिवस दिला म्हणून आभार' एवढंच उतरतं. त्यावर एक नियम पुरतो, ओळीत माणसाचं नाव, वस्तू किंवा आकडा असलाच पाहिजे. 'सिलिंडर ४१ दिवस पुरला.' 'शेजारच्या काकूंनी दवाखान्यात सोबत केली.' 'गणितात २० पैकी १४.' महिनाअखेर अशाच ओळी फोनवर सांगता येतात, आणि तिकडच्या माणसाला घर डोळ्यांसमोर दिसतं.

वेळ कोणती? पुस्तकात पहाट लिहिलेली असते. आपल्याकडे पहाटे नळ येतो. प्रार्थनेच्या मध्यात पाणी आलं तर आमेनच्या आधी बादली ठेवावी लागते, देव रागावत नाही. पण रोज तेच व्हायला लागलं तर वेळ बदला. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं घातल्यावरची वेळ आम्हाला सर्वांत टिकाऊ वाटते. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, घरात बसवत नाही, आणि सगळे एकाच जागी सापडतात ते तेव्हाच.

फोनवर प्रार्थना शेवटी ठेवू नका. लाइन मध्येच तुटते आणि प्रार्थना राहते ती राहतेच. फोन लागला की आधी दोन वाक्यांची प्रार्थना, मग तब्येत, मग ज्यावर त्यांचा निर्णय हवा ती एकच गोष्ट, मग वहीतल्या ओळी. नळ गळतो, मिक्सर जळाला, या तक्रारी मेसेजवर टाका. तिथून ते नळ दुरुस्त करू शकत नाहीत, रात्रभर विचार मात्र करतात.

आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकताना युनिट, ठिकाण, गाडीचा नंबर, निघायची तारीख, वर्दीतला फोटो, यातलं काहीही लिहू नका. 'आमच्या घरच्यांच्या प्रवासासाठी प्रार्थना करा' एवढं पुरतं. ठिकाण देवाला माहीत आहे. पाळकसाहेबांनाही हे नम्रपणे सांगून ठेवा. रविवारी माइकवरून जाहीर झालं की गावभर होतं.

मुठीचा डबा

मिझोराममधल्या मंडळ्यांत दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढायची रीत शंभराहून जास्त वर्षांची आहे. ईशान्येत नोकरी केलेल्या जवानांनी ती पाहिलेली असते. आपल्याकडे तांदळाच्या जागी ज्वारी घ्या, नवापूरकडे तांदूळच. एक मूठ साधारण ४० ते ५० ग्रॅम भरते. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या तर महिन्याला अडीच-तीन किलो.

पीठ काढू नका, धान्य काढा. पिठाला उन्हाळ्यात अळ्या पडतात, आणि बाजरीचं पीठ तर पंधरा दिवसांत कडू होतं. मग ते दान न राहता टाकायचा माल होतो. डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आणि घरच्या कणगीपासून वेगळा. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला तळाशी आणि वर. ओला पाला टाकला तर बुरशी धरते. महिना झाला की डबा रिकामा करायचाच. दोन महिने साठला की सोंडे पडतात आणि मग 'पुढच्या महिन्यात देऊ' सुरू होतं. धान्य कोणाला द्यायचं ते पाळकांना विचारून ठरवा. मंडळीतली एकटी म्हातारी, दवाखान्यात माणूस पडलेलं घर. स्वतः नेऊन दिलंत तर पिशवी परत मागू नका.

पैशाचा दशांश पगार जमा झाल्या दिवशीच काढा. कपातीआधीच्या रकमेवर की हातात आलेल्या, यावर घराघरांत वाद होतो. आमचं मत: हातात आलेल्यावर. ४२,००० आले तर ४,२०० रुपये. फंडात कापलेले पैसे सुटतील तेव्हा त्यांचा वेगळा काढा. निम्मा इथल्या मंडळीला, निम्मा पोस्टिंगच्या गावी जिथे रविवारी बसता तिथे, असं केलं की दोन्हीकडची माणसं आपली राहतात.

कापणीच्या उपकारस्तुतीला शेतकऱ्याच्या घरून घड, मिरची, तूर, कोंबडी येते, आराधनेनंतर लिलाव होतो, आणि एखाद्या अंड्याची बोली कोंबडीच्या वर जाते. ज्या फौजी घराला शेत नाही, तिथून बऱ्याचदा कॅन्टीनचा (फौजेच्या सवलतीच्या दुकानाचा) साबण, बिस्किटं, कुकर लिलावात ठेवले जातात. हे करू नका. कॅन्टीनचा माल कार्डधारकाच्या घरच्या वापरासाठी असतो, पुढे विकायचा नसतो. लिलाव म्हणजे विक्रीच. त्याऐवजी घरच्या कुंडीतली मिरची, हातच्या कुरडया, शिवलेली गोधडी द्या. दारूच्या कोट्याबद्दल तर बोलायलाच नको. नातेवाईक मागतात, 'तुम्ही पीत नाही ना, मग आम्हाला द्या' म्हणतात. स्पष्ट नाही म्हणायचं. एकदा दिली की दर महिन्याला मागणी येते, आणि पैसे घेतले तर थेट गुन्हा.

वाळवण आणि पार्सल

एप्रिलचं ऊन लागलं की खानदेशात बायका गच्चीवर जातात. फौजी घरात या कामाला आणखी एक कारण असतं. वाळवण लांबचा प्रवास सोसतं, आणि घरची चव तिथपर्यंत पोचवायला याहून भरवशाचं काही नाही.

बिबड्यांपासून, म्हणजे ज्वारीच्या पापडांपासून, सुरू करा. पांढरी ज्वारी दोन किलो, तीन दिवस पाण्यात. पाणी रोज बदलायचं, कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. नाहीतर आंबूस वास लागतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी धुऊन, सुती कापडावर सावलीत पसरून, वरचं पाणी सुटलं पण दाणा ओलसर आहे अशा वेळी दळून आणायची. दळण भरड हवं. पाण्याला उकळी आली की मीठ, जिरं, तीळ, ठेचलेला लसूण आणि लाल मिरची घालून पीठ ओतत ढवळायचं. गुठळ्या होतात त्या इथेच. एकीनं ओतावं, दुसरीनं ढवळावं. मीठ चाखताना कमी वाटलं पाहिजे. वाळून पाणी उडतं तसं ते वर येतं. घाटा झाकून मंद आचेवर चांगला शिजवा. हातावर घेतला तर पसरेल पण ओघळणार नाही, आणि कच्च्या पिठाचा वास गेलेला असेल, म्हणजे झाला. बहुतेक बिबडे बिघडतात ते घाटा कच्चा राहिल्यामुळे: वाळताना चिरा जातात, आणि डब्यात चुरा होतो.

जुनं धोतर ओलं करून पसरा, हात पाण्यात बुडवून पातळ थापा. जाड थापलेला बिबडा मधोमध टणक राहतो. वाळल्यावर ओढून काढू नका. कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, बिबडे आपोआप सुटतात. मग परत दोन दिवस खडखडीत ऊन. डब्यात भरण्याआधी एक मोडून बघा; कट्‌ आवाज आला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, आणि एका ओल्या बिबड्यानं सगळा डबा बुरसतो. दुपारी वावटळ येते तेव्हा वर मच्छरदाणी टाका, नाहीतर वर्षभर माती चावत बसाल.

काम चालू असताना चार-पाच घरच्या बायका एकत्र असतात. प्रार्थनेची वेगळी सभा घेण्यापेक्षा हीच सभा. थापताना गीतं होतात, आणि कोणाच्या घरी काय चाललं आहे ते पाळकांना कळायच्या आधी इथे कळतं.

पार्सलचं आता. पत्ता नेहमी युनिटचा: सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, आणि 'केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' (ए.पी.ओ. म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय), शिवाय ९ ने सुरू होणारा पिन कोड. गावाचं किंवा राज्याचं नाव लिहायचं नाही. खासगी कुरियर हा पत्ता घेत नाही, पोस्टातूनच जातं. पाठवणाऱ्याचा पत्ता आतही एका चिठ्ठीवर टाका, बाहेरचा कागद पावसात जातो.

आत काय? बिबडे, उडदाचे पापड आणि कुरडया स्टीलच्या डब्यात, मधल्या फटीत शेवया किंवा कापसाचे मोजे. मोकळी जागा राहिली की चुरा होतो. शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी महिनाभर टिकते, पण लसूण आधी कोरडा भाजून घ्या. कांदा भाजून वाटलेला मसाला पाठवू नका, ओल असते. ओल्या नारळाची करंजी नको, सुक्या खोबऱ्याची चालते. तुपाचे लाडू थंड प्रदेशात दगडासारखे होतात; तिथे शेव, चिवडा, शंकरपाळे बरे. तेलकट लोणचं गळतं आणि सगळं पार्सल खराब करतं, शिवाय दुसऱ्यांचीही पत्रं. काडेपेटी, लायटर, स्प्रे पोस्टात चालत नाहीत. बिबडे पाठवायचा आणखी एक फायदा: तेल नसलं तरी निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजून खाता येतात. आणि दोन माणसांपुरतं कधी पाठवू नका. पार्सल बराकीत उघडतं.

नाताळचं पार्सल नोव्हेंबरच्या मध्याला टाकावं. बर्फात रस्ते बंद होतात, टपाल अडकतं. २५ डिसेंबरला मिळेल या हिशेबानं १५ तारखेला टाकलेलं पार्सल बऱ्याचदा जानेवारीत उघडतं.

नाताळ कोणत्या दिवशी?

२५ तारखेलाच, घरी कोणी असो वा नसो. मुलांना 'पप्पा आले की नाताळ करू' असं सांगू नका. रजा पुढे गेली की मुलांच्या हिशेबी पप्पांनी नाताळ घालवला. चांदणी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी लावा. आराधना, नवे कपडे, फराळ, कॅरलवाले घरी आले की चहा, सगळं वेळेवर. पप्पांसाठी मात्र तीन गोष्टी वेगळ्या काढून ठेवा: फराळाचा एक डबा (चकली-शंकरपाळे तीन आठवडे आरामात राहतात, करंज्या आधी संपवा), एक मेणबत्ती न पेटवलेली, आणि मुलांनी सभेत म्हटलेलं गीत. ते आले त्या दिवशी रात्री जेवणाआधी मेणबत्ती लावायची, मुलांनी गीत म्हणायचं, स्तोत्र १२१ वाचायचं आणि मग जेवायचं. मार्चमध्ये आले तरी हेच. फक्त चकल्या नव्या तळाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत आले तर भरीत-भाकरी ठरलेली, हंगामच असतो. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि भरपूर शेंगदाणे, वांगी काटक्यांवर भाजलेली. गॅसवर भाजलेल्या भरिताला ती चव नाही, यावर आम्ही वाद घालणार नाही.

आधी उघडायची पेटी

बदलीच्या वेळी बाकी सामान कसंही भरा, एक काळी पेटी मात्र ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढली पाहिजे, म्हणजे सर्वांत आधी उतरेल. त्यात: पवित्र शास्त्र, गीतपुस्तक, वही, भिंतीवरचा क्रूस, एक चादर, मेणबत्त्या, तवा, काटवट, दोन पातेली, चहा-साखर, तांदूळ-डाळ एका दिवसाची, बल्ब आणि टेस्टर. पहिल्या रात्री क्वार्टरमध्ये अंधार, धूळ आणि रडणारी मुलं असतात. तेव्हा खिचडी टाकायची, शिजेपर्यंत एक गीत आणि प्रभूची प्रार्थना, मग जेवण. पेट्यांचा ढीग सकाळी बघू.

क्वार्टर ताब्यात घेताना एमईएसच्या (फौजेच्या बांधकाम-देखभाल खात्याच्या) यादीवर सही करण्याआधी प्रत्येक खोलीत फिरा: फुटलेली काच, गळणारा नळ, पंख्याचा रेग्युलेटर, दाराची कडी. दिसलं ते यादीत लिहून घ्या आणि फोटो काढा. सोडताना जे कमी किंवा फुटलेलं निघेल त्याचे पैसे बॅरॅक डॅमेज म्हणून कापले जातात, आणि आधीच्या कुटुंबानं फोडलेली काचही तुमच्या नावावर पडते. क्रूस आणि वचनाची पाटी आधीच्या खिळ्यावरच लावा. नवा खिळा ठोकला की प्लॅस्टर निघतं.

मांड्यांचं खापर सोबत नेऊ नका. गोधडीत गुंडाळलं तरी फुटतं आणि दुसऱ्या राज्यात मिळत नाही. उलटी ठेवलेली लोखंडी कढई चालते. आच मंद ठेवा, लोखंड खापरापेक्षा लवकर तापतं आणि मांडा कडेला करपतो.

क्वार्टरमधली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात. देवनागरी येते, म्हणून मराठी शास्त्र वाचू शकतात, पण च, ज आणि ळ अडतात. चार ओव्या रोज मोठ्यानं वाचायला लावा, एवढ्यानं वर्षभरात जीभ वळते. पाठांतराला नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीवरची गीतं घ्या. चाल ओळखीची असली की शब्द मागून येतात. गावी आल्यावर आजीच्या शेजारी बसून तेच गीत म्हणता आलं की आजीलाही बरं वाटतं, पोरालाही.

कागद

याला घरकाम कोणी म्हणत नाही, पण आमच्या मते फौजी घरातलं सर्वांत मोठं घरकाम हेच.

लग्नापासून घ्या. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. लग्न लावणाऱ्या पाळकांकडे त्या कायद्याखाली अधिकार किंवा लायसन्स आहे का, हे आधी विचारा. विचारण्यात अपमान नाही. विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यांतच व्हायला हवा, काही ठरावीक अपवाद सोडता. खानदेशात मे महिन्यात लोक ऊन उतरल्यावर जमतात, नवरीची गाडी उशिरा येते, आणि सात वाजून जातात. पत्रिकेवर पाच छापा आणि साडेचारला सांगा. पाळकांशिवाय दोन साक्षीदार लागतात. लग्नाची पुकार (मंडळीसमोर लग्न जाहीर करणं) तीन रविवार होते, म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पंधरा दिवस गेले. जवानाची वार्षिक रजा ६० दिवसांची, तीही बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांत मिळते. त्यातले पंधरा दिवस पुकारीत घालवू नका. पाळकांशी बोलून पुकार तो निघायच्या आधीच सुरू करा.

लग्न झालं की दाखल्याची प्रत युनिटला जाऊन 'पार्ट टू ऑर्डर' निघाली पाहिजे. पत्नीचं नाव नोंदीत त्यानंच चढतं; पुढे कार्ड, दवाखाना, कुटुंब निवृत्तिवेतन सगळं त्यावर अवलंबून. आराधना झाली, जेवणावळ झाली, फोटो आले, आणि ऑर्डर दोन वर्षं निघालीच नाही, असं होऊ देऊ नका. मुलाच्या जन्माचंही तेच.

जन्माची नोंद २१ दिवसांत. इथे ख्रिस्ती घरात एक अडचण हमखास येते: नाव अर्पणाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवायचं, आणि ते बाप आल्यावर. म्हणून नोंदच थांबवली जाते. थांबवू नका. नोंद नावाशिवाय करता येते, नाव नंतर घालता येतं; बारा महिन्यांपर्यंत बिनाशुल्क, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच लागतो.

सर्वांत जास्त कागद अडतात ते स्पेलिंगवर. मंडळीच्या रजिस्टरात शमुवेल, आधारवर सॅम्युअल, शाळेत सामुएल. एस्तेरची इस्तेर आणि ईस्टर. बायबलची नावं मराठीत एक, इंग्रजीत दुसरी, आणि प्रत्येक कारकून कानाला येईल तसं लिहितो. नाव ठरलं त्याच दिवशी मराठी आणि रोमन दोन्ही अक्षरं एका कागदावर मोठी लिहून पाळक, ग्रामपंचायत, दवाखाना आणि युनिट या चारही ठिकाणी तोच कागद द्या. बापाचं नाव त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जसं आहे तसंच, आडनावासकट. रेकॉर्डमधलं नाव बदलणं सर्वांत अवघड, म्हणून बाकीची त्याच्याशी जुळवायची.

फाइल एकच ठेवा, प्लॅस्टिकच्या पाकिटांची, आणि ती आधी उघडायच्या पेटीत. क्रम असा: लग्नाचा दाखला, पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, जन्मदाखले, आधार, बँकेचं संयुक्त खातं, विमा, मग बाप्तिस्मा आणि मंडळीच्या सभासदत्वाची पत्रं. पोस्टिंगच्या गावी मंडळीत प्रभुभोजनाला बसताना बदलीचं पत्र मागतात. ते निघण्याआधी पाळकांकडून घ्या, मागाहून टपालानं यायला महिना लागतो. घरी राहणाऱ्या सासूबाईंकडे या सगळ्याच्या झेरॉक्स, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलेला. मूळ कागद लॅमिनेट करू नका. पुढे शिक्का मारायला जागा राहत नाही आणि काही कार्यालयं ते घेत नाहीत.